चौथा आठवडा

मंगळवारी पहाटे सहाला मी स्टुलावर चढून पंखा पुसत होतो. बायको बाहेर आली, तिने पंख्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "चौथा आठवडा लागला वाटतं."

आम्हा सायकलवाल्यांचे तीन आठवडे चढते असतात. पहिल्यात १२० किलोमीटर, दुसऱ्यात १५०, तिसऱ्यात १८०, शिवाय दर रविवारी सिंहगडचा घाट. चौथ्यात अंतर निम्मं आणि घाट बंद. याला रिकव्हरी वीक म्हणतात. त्यामागचं शास्त्र मला तोंडपाठ आहे, कारण पार्किंगमध्ये जो सापडेल त्याला मी ते ऐकवतो. घाट चढताना माणूस घडत नसतो, मोडत असतो. स्नायूंचे धागे झिजतात, त्यांतला ग्लायकोजेनचा साठा आटतो. डागडुजी होते ती नंतर, झोपेत आणि जेवणात. आणि ती करताना शरीर पुढचा मार ओळखून थोडं जादा बांधकाम करून ठेवतं. म्हणजे व्यायाम लोणच्यासारखा मुरू द्यावा लागतो. माझा स्वभाव रोज बरणी उघडून फोड चाखायचा.

हे शहाणपण फुकट आलेलं नाही. गेल्या वर्षी २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे लांब पल्ल्याची सायकलफेरी, साडेतेरा तासांत पुरी करायची म्हणून मी अडीच महिने एकही आठवडा सोडला नाही. सिंहगडला लागायची ५८ मिनिटं, ती ६६ झाली. सकाळी उठल्याउठल्या नाडी ५६ असायची, ती ६४ वर गेली. झोप उडाली. चिडचिड हेही अतिव्यायामाचं लक्षण आहे म्हणतात, पण पुण्यात त्यावरून निदान करणं अवघड.

तेव्हापासून नियम पाळतो. म्हणजे पाळायचा प्रयत्न करतो. बुधवारी खडकवासल्यापर्यंत हलकी राइड होती. हलकी म्हणजे चालवताना धाप न लागता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. सिंहगड रोडवर खड्डे असल्यामुळे माझ्याकडे वाक्यांची कमतरता नव्हती. नांदेड फाट्याजवळ शेजारून एक साधी काळी सायकल पुढे गेली. पायात स्लिपर, हँडलला अडकवलेला जेवणाचा डबा, चेन करकरतेय. आणि अंगावर घट्ट जर्सी, डोक्यावर हेल्मेट घातलेला मी मागे.

मी स्वतःला समजावलं, तुझी रिकव्हरी चालू आहे. पण त्या काळ्या सायकलवरच्या गृहस्थांना ते कुठे ठाऊक? पाठीवर पाटी लावायची सोय जर्सीत नसते. दोन गिअर बदलले आणि लागलो पाठीला. खडकवासल्याला पोचलो तेव्हा मोबाइलने अभिनंदन केलं : या टप्प्यावरची वर्षातली सर्वोत्तम वेळ! खाली कार्यक्रमाचं नाव होतं, 'आराम'. त्या आनंदात कांदाभजीच्या दोन प्लेटी झाल्या. अंतर चौथ्या आठवड्याचं असलं तरी भूक तिसऱ्याचीच असते. एकादशी आणि दुप्पट खाशी, ती हीच.

गुरुवारी पाय दगडाचे. त्यामुळे नियम आपोआप पाळला गेला. फाट्याजवळ पुन्हा तेच गृहस्थ आले, पण या वेळी पुढे न जाता बरोबरीला राहिले.

"साहेब, आज बरं नाही का?"

मी त्यांना मुरण्याचं शास्त्र सांगायला सुरुवात केली. तीन आठवडे चढते, एक उतरता. त्यांनी नीट ऐकून घेतलं. ते रोज चौदा किलोमीटर जातात, तितकेच परत येतात. "आमचा आराम रविवारी," म्हणाले, "तोही मुकादमाने बोलावलं नाही तर." मग माझ्या सायकलकडे बघून, "हिला गिअर आहेत ना?" एवढं विचारून ते पुढे निघून गेले. या वेळी मी जाऊ दिलं.

उरलेले दिवस मी खरंच झोपलो. शनिवारी नाडी पुन्हा ५६. पुढच्या रविवारी सिंहगड ५६ मिनिटांत! पार्किंगच्या नाक्यावर दही खाताना मी घरी फोन लावला आणि या दोन मिनिटांमागचं सगळं श्रेय आरामाला कसं जातं, ते पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

घरी आलो तर कालनिर्णयवर पेन्सिलीने तीन आठवडे मोजून पुढच्या मंगळवारभोवती गोल केलेला होता. आत तिच्या अक्षरात लिहिलं होतं, 'माळा'.