सालांच्या पाट्या

पनवेलच्या हौशी मंडळींना आता अलास्काची ओढ लागली आहे. भाड्याच्या मोटरहोममध्ये मेतकूट-भाकरवडी भरायची, काचेआडून अस्वल बघायचं आणि एक्झिट ग्लेशियर गाठायचं. तिथे वाटेवर नुसत्या सालांच्या पाट्या आहेत. त्या वर्षी बर्फ कुठवर होता, एवढंच सांगणाऱ्या. चढत जावं तसं साल अलीकडे येतं, बर्फ मात्र अजून पुढेच. पाहुणे हळहळतात. (त्यांना तिथवर नेणारं विमान आणि इंधन ढोसणारं ते फिरतं घर हळहळत नाही.) अशा पाट्या उलव्यालाही लावता आल्या असत्या. विमानतळासाठी तिथली टेकडी सुरुंग लावून उतरवली, उलवे नदी वळवली. मग विमानतळ नको होता का? हवाच होता, नाहीतर अलास्काला जायचं कसं! राहिला दुसरा युक्तिवाद, की परका निसर्ग पाहिला म्हणजे घरचा कळतो. तो कर्नाळ्याला तपासावा. 1968 पासूनच्या या पक्षी अभयारण्यातून मुंबई-गोवा महामार्ग जातो. अस्वलासाठी अर्धा तास इंजिन बंद ठेवणारे सद्गृहस्थ इथे माकड आडवं आलं, की हॉर्नवरून हात काढत नाहीत.