दहाव्या दिवसाची गाडी

गेल्या वीस वर्षांत आमच्या दारात तीन गाड्या आल्या. तिन्ही होंडा सिटी आणि तिन्ही सेकंड हँड. आरसीवर मालकाचा अनुक्रमांक असतो, तिथे मी कायम दुसरा. शाळेत आयुष्यभर दुसरा नंबर आला नाही, म्हणून मला त्याचं उलट कौतुकच वाटतं.

नव्याचे नऊ दिवस म्हणतात. ते नऊ दिवस पहिल्या मालकाने काढावेत. त्याने पेढे वाटावेत, चाकाखाली लिंबं ठेवावीत, सीटचं प्लास्टिक न काढता उन्हाळाभर घामाने चिकटून बसावं आणि पहिला ओरखडा पडला की दोन रात्री तळमळावं. आपण यावं दहाव्या दिवशी. हे मी एकदा घरात बोलून दाखवलं, तर हिला एकदम ओंकारेश्वराचा घाट आणि कावळेच दिसले. म्हणाली, "असलं अभद्र बोलू नका."

पहिली आमची सिटी १९९८ साली भारतात आली त्या घडणीची. अगदी बसकी. तिच्यात बसणं म्हणजे पंगतीत पाटावर बसणं, आणि उठताना गुडघ्यांनी तक्रार करणंही तसंच. पण एकदा बसलं की पाय ऐसपैस पसरायचे. कोल्हापूरला निघालो की आई खंबाटकी घाटातच झोपायची आणि कराडला जागी होऊन विचारायची, "निघालो का रे आपण?"

दुसरी २००३ च्या रूपातली. हिची पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली, आणि इंजिनात सिलिंडर चार, पण प्लग आठ. मेकॅनिकने आठ प्लगचा हिशेब सांगितला तेव्हा हा मला सरळ दुपटीने गंडवतोय अशी माझी खात्री झाली. त्याने शांतपणे एकेक प्लग काढून फडक्यावर अष्टविनायकासारखे मांडले. मी मनातल्या मनात हात जोडले आणि पाकीट काढलं.

लोक विचारतात, या गाडीत एवढा आराम कसला? गाद्या चांगल्या, एसी गार, हे आहेच. पण खरा आराम त्या ओरखड्याचा. पहिला ओरखडा दुसऱ्याचा असला की माणूस मंडईच्या गर्दीतसुद्धा निवांत गाडी घालतो.

तिसरी सिटी २००८ नंतरच्या बांधणीची. ती डावीकडे वळली की डॅशबोर्डच्या पोटात काहीतरी गडगडायचं आणि शेवटी टुण्‌ वाजायचं. दोन मेकॅनिक हरले. शेवटी मी पहिल्या मालकांनाच फोन लावला.

"अहो, ती आमच्या चिरंजीवांची गोटी! एसीच्या जाळीतून आत घातली होती त्याने. आता इंजिनियरिंगला आहे." मग जरा थांबून त्यांनी हळूच विचारलं, "अजून वाजते का हो?"

"वाजते की," मी म्हणालो. त्या दिवसापासून गोटीचा शोध बंद केला.

यंदा त्या गाडीला पंधरा वर्षं भरत आली. फेरनोंदणी, पर्यावरण कर हे सगळं डोळ्यांपुढे आलं आणि विकायचं ठरवलं. चार गिऱ्हाइकं आली, टायरला लाथ मारून गेली. कुणाला रंग नको, कुणाला किंमत. पाचवं एक तरुण जोडपं आलं, बरोबर पाच-सहा वर्षांची मुलगी. मी शेजारी बसून चक्कर मारायला निघालो. कोपऱ्यावर गाडी डावीकडे वळली. टुण्‌.

"बाबा, आत कोण आहे?"

बाबांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं. मी गोटीची सगळी हकीकत सांगून टाकली. पोरीने बाबांना आणखी तीनदा डावीकडे वळायला लावलं. आम्ही सोसायटीला प्रदक्षिणा घालून परतलो, तेव्हा व्यवहार पोरीने ठरवलेला होता.

फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या. गाडी फाटकातून बाहेर पडली आणि डावीकडे वळली. मी उगाच कान देऊन उभा राहिलो. वर गॅलरीत ही उभी होती. पदराने डोळे टिपत म्हणाली, "शिवला बाई एकदाचा कावळा."