शांतिसेनेचा शक्तिमान

गणपती उंदरावरून पडला आणि चंद्र हसला, ती गोष्ट मी सांगत बसत नाही. पण त्या हसण्याचं प्रायश्चित्त चंद्राने जिथे घेतलं असं सांगतात, ते आमचं लिंबागणेश. देवळातला गणपती म्हणूनच भालचंद्र. वाहन फसलेल्या माणसाला हसू नये, एवढं शहाणपण तरी या मातीत असायला हवं होतं. पण मी घेतलेला शक्तिमान ट्रक ट्रॅक्टरने टोचन करून वेशीतून आणला, तेव्हा सगळं गाव पोट धरून हसलं. शाप कुणालाही लागलेला नाही. उलट त्या वर्षी गावात सोयाबीन बरं झालं.

ट्रक कशाला, हे हिने विचारलं, पोराने पुण्याहून फोन करून विचारलं, टोचन करणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यानेही विचारलं. मी सीताफळाचं नाव पुढे केलं. बालाघाटाचं सीताफळ, त्याला भौगोलिक मानांकन, हंगामात माल न्यायला घरची गाडी असली म्हणजे कसं. खरं कारण 77 सेंटिमीटर. फौजेच्या भरतीला छाती तेवढी लागते, आणि फुगवून वर 5. तरुणपणी मी भरतीला उभा राहिलो, तेव्हा माझी छाती पूर्ण फुगवल्यावर कशीबशी न फुगवलेल्या छातीच्या मापाला आली. फीत धरणाऱ्याने माझ्याकडे दयेने पाहिलं. पुढे जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत मी पोरांकडून 'सावधान-विश्राम' करून घेतलं. निवृत्तीचे पैसे हाती आले आणि नगरकडच्या एका व्यापाऱ्याच्या आवारात, लिलावातून फिरत फिरत आलेली ही गाडी दिसली. लांब नाक, पुढे जाळी, आणि छाती म्हणाल तर मोजायला दोन फिती लागाव्यात.

आमच्याकडे फौजेतून सुट्टीवर आलेला, निवृत्त झालेला, प्रत्येक जण मेजर असतो. आमच्या गल्लीतले मेजर नाईक म्हणून निवृत्त झाले, तेही ईएमईतून. म्हणजे उभी हयात याच गाड्यांच्या पोटाखाली पाठीवर झोपून गेलेली. त्यांनी ट्रकला एक फेरी मारली आणि तंबाखू मळत म्हणाले, "गुरुजी, फौजेनं टाकून दिलेल्या वस्तू दोनच. एक ही, दुसरा मी. पन माझी पेन्शन येती."

हा ट्रक मूळ जबलपूरचा. जर्मनीच्या मान कंपनीशी करार करून तिथल्या गन कॅरेज फॅक्टरीत 1959 साली पहिला शक्तिमान तयार झाला, आणि 1996 साली हे काम थांबलं. दूरदर्शनवरचा शक्तिमान त्याच्या पुढच्या वर्षी गरगर फिरत आला. आमच्याला मात्र साधं वळायलाही अर्धं शिवार लागतं. तर पहिला ट्रक निघाला त्या वेळी संरक्षणमंत्री होते व्ही. के. कृष्ण मेनन, आणि ट्रक दारात आल्यापासून या माणसाविषयी मला सख्ख्या भावाची माया वाटू लागली आहे. 1948 साली ते लंडनला आपले उच्चायुक्त होते. फौजेसाठी डागडुजी केलेल्या दोन हजार जुन्या जीप घ्यायचा करार झाला. गाड्या पोहोचण्याआधीच मोठी रक्कम मोजली गेली. आल्या किती? 155. त्या पाहून फौजेने हात जोडले. संसदेत गदारोळ, चौकशी, वर्तमानपत्रांत टीका, सगळं यथासांग झालं. 1955 साली सरकारने प्रकरण मिटल्याचं जाहीर केलं, 1956 साली मेनन मंत्रिमंडळात आले आणि 1957 साली थेट संरक्षणमंत्री. जुन्या मिलिटरी गाड्यांच्या सौद्यात पोळलेल्या माणसाच्या हाती अख्खी मिलिटरी! ही हकिकत मी हिला मोठ्या उमेदीने सांगितली. ती म्हणाली, "मग आता तुम्हाला काय मिळणारंय? ग्रामपंचायत?"

याच मेनन यांनी 1957 साली सुरक्षा परिषदेत काश्मीरवर जवळजवळ आठ तास भाषण केलं. मी ट्रकवर बोलायला लागलो की ही दुसऱ्या मिनिटाला कुकर लावायला उठते. सुरक्षा परिषदेत कुकर नव्हता, हे मेनन यांचं भाग्य. पण माझं मत असं, की दुसऱ्याच्या जुन्या जीपांनी पोळलेला माणूसच 'आपला ट्रक आपण करू' म्हणू शकतो. टीकाकार म्हणत, यांच्या कारखान्यांत शस्त्रांऐवजी कॉफीची यंत्रं बनतात. म्हणोत. 1962 साली व्हायचं ते झालं, मेनन गेले, आणि हिमालयाच्या मदतीला आपला सह्याद्री गेला. त्या सह्याद्रीचे, म्हणजे यशवंतराव चव्हाणांचे पुतळे महाराष्ट्रात जागोजागी आहेत, असावेतच. मेनन यांचा ट्रक मात्र 1971 च्या लढाईतही पळत होता, आणि त्यांचं स्मारक म्हणाल तर एक माझ्या गोठ्याला लागून उभं आहे, चारही चाकांना दगड लावून.

असो, ट्रकची दुरुस्ती सुरू झाली. दुरुस्ती म्हणजे मी स्टुलावर बसून सूचना द्यायच्या आणि एका पोराने त्या न ऐकता काम करायचं. सातवीत तो माझ्या वर्गात होता. भूमितीत मी त्याला काठावर पास केलं होतं. आता नववीला, आणि सुट्टीत मांजरसुंब्याच्या फाट्यावर गॅरेजात पाने द्यायला बसून बसून तयार झालेला. पाट्याची कमान किती बसली आहे ते नुसत्या डोळ्याने सांगायचा. क्लच प्लेट मिळवली, बुश लेथवर करून घेतले, पंप बीडला पंपवाल्याकडे नेऊन आणला, वायरिंग तर उंदरांनी आधीच काढून ठेवली होती. मेजरांचा आग्रह एकच, पॉवर स्टिअरिंग बसवा. फौजेत या स्टिअरिंगने खांदे कसे निघायचे ते त्यांनी बनियन वर करून दाखवलं. भंगारात निघालेल्या एका ट्रकचं मिळालंही. माझी सुधारणा वेगळी. पुण्याच्या जुन्या बाजारातून मी दोन जेरीकॅन, कुदळ-फावडं अडकवायच्या पट्ट्या आणि एक होकायंत्र आणलं.

"सर, होकायंत्र कशाला?" पोराने विचारलं. "आपल्याकडं दिशा दोनच. मांजरसुंबा, नायतर पाटोदा."

रंग खरवडायला घेतला तेव्हा मात्र माझा ऊर भरून आला. कांद्याचे पापुद्रे निघावेत तसे थर निघत गेले, हिरव्याखाली मातकट, त्याखाली पुन्हा हिरवा, आणि सगळ्यांच्या तळाशी पांढऱ्या रंगातला वर तोंड केलेला बाण आणि आकडा 87. फौजी नंबर! मागच्या ॲक्सलच्या गोळ्यावर पांढरा रंग आणि वर एक इवलासा दिवा होता; अंधारात ताफा चालताना मागच्या गाडीला तेवढाच दिसावा म्हणून. मला डोळ्यांपुढे खिंड दिसू लागली. बर्फ, दरी, रात्र, दिवे मालवून चाललेला ताफा, आणि त्यात माझी गाडी. मी हे मेजरांना बोलून दाखवलं. ते खाली वाकले, मडगार्डच्या आत हात फिरवला आणि उठले.

"बर्फातली गाडी चाकाला साखळ्या बांधून चालती. साखळी आतून पत्रा खाती. हितं ओरखडा नाही. गुरुजी, ही पुण्याच्या भायेर गेली नसंल. भाजी वाहिली हिनं."

"भाजी पण जवानच खातात," मी म्हणालो. ते मान्य करावं लागलं त्यांना.

नवा रंग अर्थातच ऑलिव्ह ग्रीन द्यायचा, हे मी मनाशी ठरवून डबे सांगूनही ठेवले होते. तेवढ्यात कळलं की केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 121 वा नियम आडवा येतो. तो रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांचा. मी बाकीच्या हिरव्यांचा विचार केला, पण शेवटी हिने ओसरीसाठी आणलेला मोतिया रंग पुष्कळ उरला होता, तो लागला. मेजर सकाळी दूध घेऊन चालले होते, थबकले. "आरं, ही तर युनोची झाली! शांतिसेना!" हे त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं. मला ते इतकं पटलं की दोन दिवस मी येणाऱ्याजाणाऱ्याला तसंच सांगत होतो.

मग दसरा झाला, आणि दरवर्षीसारखे गावात ट्रॅक्टर येऊन उभे राहिले, मागे दोन-दोन ट्रॉल्या. मुकादमाची उचल उन्हाळ्यातच घेतलेली असते, आणि खर्चलेलीही. पोराच्या आईचं कंबरडं गेलं होतं. ऊसतोडीत कोयता म्हणजे जोडी. एकटा माणूस अर्धा कोयता धरतात. बापाचा कोयता पुरा करायला पोरगं निघालं. आदल्या रात्री येऊन मला सांगून गेला, "सर, हौसिंगचे बोल्ट तेलाच्या डब्यात ठिवलेत. नोजलला हात लावू नका. मेजर म्हनले तरी लावू नका."

मी आयुष्यभर शिक्षण हमी पत्रकं भरली आहेत, हंगामी वसतिगृहाच्या याद्या केल्या आहेत, आणि हजेरीपटात कितीतरी नावांपुढे 'स्थलांतरित' असा शेरा लिहिला आहे. माझं अक्षर वळणदार आहे; तपासणीला आलेले साहेब त्याचं कौतुक करत. राग कुणावर काढावा? मुकादमावर काढला तर तोही इथलाच, एके काळचा कोयतेवालाच. कारखान्यावर काढला तर कारखाना दूर, आणि साखर आपल्याच चहात. चिडचिड होते ती याची, की पोरगं इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून कोणता सिलिंडर आळशी आहे ते सांगतं, आणि मुकादमाच्या उचलीच्या हिशेबात त्या पोराची किंमत अर्धा कोयता. सकाळी ट्रॉल्या निघाल्या. माणसं न्यायला बनवलेली गाडी माझ्या दारात उभी होती, आणि माणसं भांड्यांच्या पोत्यांवर, शेळीला मांडीशी धरून घाटाकडे चालली होती.

ट्रक त्यानंतर पुष्कळ दिवस तसाच होता. मेजर रोज सेल्फ मारून बघायचे, ट्रक रोज घसा खाकरायचा. मग एका दुपारी फोन आला. पाठीमागे उसाच्या पाचटाची सळसळ, आणि बापाची हाक, मोळी बांध म्हणून.

"सर, चालू झाली का?"

"नाही रे."

"डिझेलला हवा धरली आसंल. मोबाईल स्पीकरवर टाका आन पंपाजवळ धरा. आता फिल्टरवरचा स्क्रू ढिल्ला करा. हातपंप मारा. फेस येतोय?"

"येतोय."

"मारत रहा. फेस जाऊन निस्तं डिझेल आलं की आवळा. मेजरला म्हनावं आता सेल्फ मारा."

आधी धूर आला, मग कोंबड्या पळाल्या, मग सगळी गल्ली हादरली. फोनमधून पोरगं ओरडत होतं, आणि आम्ही तिघेही ओरडत होतो, त्यामुळे कुणालाच काही ऐकू येत नव्हतं. शेवटी एवढं कळलं: "सर, बंद करू नका! सेल्फचा दम संपलाय, परत उचलणार नाही!"

आता चालू गाडी दारात ठेवून करायचं काय? जड वाहनाचा परवाना माझ्याकडे नाही. मेजरांकडे आहे. या गाडीविषयी आजवर एकही बरा शब्द न काढलेला तो माणूस स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता, आणि गिअरच्या दांड्याकडे न बघता त्याने पहिला गिअर टाकला. मी लगबगीने दुसऱ्या बाजूने केबिनकडे गेलो.

"गुरुजी, पुढं ड्रायव्हर आन साहेब बसत्यात. बाकी समदे मागं."

साहेबांची जागा भरलेली होती. ही पायतळी पिशव्या ठेवून केव्हाच चढून बसली होती. नेकनूरचा बाजार होता त्या दिवशी. मी मागे गेलो. मागचा फळका भलताच उंच. गल्लीतल्या दोन पोरांनी मला खालून रेटून आत ढकललं. गाडी निघाली तसं हिने केबिनच्या मागच्या खिडकीतून तोंड काढलं.

"अहो, मागं बसलाच आहात तर तेवढी रिकामी कॅरेट कडेला लावून घ्या."