शाल, श्रीफळ आणि संशोधक

हापूसची शेवटची पेटी गेली आणि पाऊस लागला, की जामसंड्यातल्या माणसाला घरातलं कपाट उघडायला सवड मिळते. यंदा आमच्या वाडीतल्या भाऊंनी ते उघडलं आणि जाहीर केलं, की आपले सगळे खाजगी कागद आणि स्मृतिवस्तू विद्यापीठाच्या अभिलेखागाराला दान करायच्या. भाऊ अनेक वर्षं सार्वजनिक जीवनात आहेत. म्हणजे सत्काराला बोलावलं तर जातात, आणि नाही बोलावलं तर का नाही ते विचारायला जातात. "माझ्या मागे ह्यां सगळां कोण बघतलो? विद्यापीठात ऱ्हवलां तर पोरां अभ्यास करतली," असं त्यांचं म्हणणं. त्यावर वहिनी आतून एवढंच म्हणाल्या, "आज न्हेतत काय फाल्यां?"

ही कल्पना त्यांनी कोल्हापूरहून आणली. शिवाजी विद्यापीठात वि. स. खांडेकरांचं स्मृतिसंग्रहालय आहे. खांडेकर १९२० ते १९३८ आपल्या शिरोड्याला मास्तर होते. "मास्तराच्यो वस्तू ठेवतत, मगे माझ्यो कित्याक नाय?" मधल्या काळात मास्तरांनी 'ययाति' लिहून ज्ञानपीठ मिळवलं, हा तपशील भाऊंना किरकोळ वाटला. भाऊंच्याच तालुक्यातल्या धालवलीत जन्मलेल्या विंदांनाही ज्ञानपीठ मिळालं. तेव्हा देवगड तालुक्याच्या मातीतच काहीतरी आहे आणि आपला नंबर नुसता लागायचा राहिलाय, असा भाऊंचा हिशेब.

दानाची मांडामांड ओटीवर झाली. डांबरगोळ्यांचा वास मारणाऱ्या शाली, त्यातल्या निम्म्या घडीही न मोडलेल्या. सोनेरी प्लास्टिकचे मोर आणि शिडाची गलबतं. खाली भाऊंचं आडनाव तीन गलबतांवर तीन तऱ्हांनी. एका फोटोत मंत्री आणि भाऊ. म्हणजे मंत्री पूर्ण आणि भाऊंचं कोपर. श्रीफळं मात्र संग्रहात नाहीत, ती त्या त्या वेळी सोलकढीत गेली. पत्रव्यवहार म्हणून भाऊंनी मोबाइल पुढे केला. त्यात गुलाबाच्या फुलांसकट शेकडो सुप्रभात.

मी विचारलं, "भाऊ, आज्याची ट्रंक खंय?" त्या ट्रंकेत मुंबईच्या दलालाच्या पट्ट्या होत्या, आंबा बोटीने जायचा त्या काळच्या. गिरणीत असलेल्या चुलत्याच्या मनीऑर्डरींची कुपनं होती. त्या बोटभर जागेत तो पैशांबरोबर म्हशीची, पावसाची आणि आईच्या गुडघ्याची चौकशी उरकायचा. "ती रद्दी? आवशीन बंबात घातल्यान," भाऊ म्हणाले. उरलंसुरलं आंब्याच्या पेट्यांत गवताबरोबर भरून रवाना झालं. कोकणचा आर्थिक इतिहास असा थोडा आंघोळीला गेला, थोडा वाशीला.

असलेच जुने कागद शोधत वि. का. राजवाडे गावोगाव वणवण हिंडले. घराण्याचं काही बाहेर येईल म्हणून लोक दप्तर दाखवायला तयार नसत, आणि वाणी त्याच दप्तरांच्या पुड्या बांधत. तरी १८९८ साली त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला आणि मग ते थांबले नाहीत. तेव्हा लोकांकडे कागद होते आणि द्यायचे नव्हते. आता लोक टेम्पो भरून द्यायला बसलेत आणि टेम्पोत कागद नाही. मालवणात जन्मलेल्या रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या नावाची पुण्याची संस्था ६ जुलै १९१७ला, त्यांच्या ८०व्या वाढदिवशी निघाली, आणि आपला ग्रंथसंग्रह त्यांनी तिला दिला. भाऊंनी मला विचारलं, की त्या दिवशी त्यांना शाल कोणी घातली.

विद्यापीठातून एक तरुण बाई आल्या. शालींकडे त्यांनी सौजन्याने पाहिलं, मोरांकडे तेवढंही नाही. मग पाणी प्यायला आत गेल्या आणि खळ्याकडच्या दारामागे त्यांना तारेला टोचलेली बिलं दिसली. खत, फवारणी, पेंढा, खोके, राखणीच्या गुरख्याचा पगार, आणि एका बिलाच्या पाठीवर वहिनींनी पेन्सिलीने मांडलेलं कोणत्या कलमाने कोणत्या साली दगा दिला त्याचं टिपण. बाई तिथेच उंबऱ्यावर बसल्या. चहा निवला तरी उठेनात. पुढची बिलं वाळवीने आधीच वाचून संपवली होती, तरी उरलेली त्या हलक्या हाताने एकेक सोडवत होत्या. "ह्यां आमका होयां," असं वहिनींना त्यांनी चक्क मालवणीत सांगितलं. भाऊ ओरडले, "ता न्हेव नुको! तेच्यात माझी उधारी आसा!"

शेवटी बाईंनी दानपत्राचा नमुना काढला. 'दात्याचे नाव' या रकान्यात वहिनींचं नाव लिहावं लागेल म्हटल्यावर ओटीवर पंधरा मिनिटं कोणी बोललं नाही. मग भाऊंनी तडजोड काढली: खाली त्यांच्या एका फाइलचीही नोंद करायची, चुलत भावाशी चाललेल्या बांधाच्या दाव्याची. संशोधकांसाठी ती किती वर्षं बंद ठेवायची, असा पुढे रकाना होता. भाऊंनी सांगितलं, "निकाल लागासर." बाई अडल्या. छापील नमुन्यात वर्षांसाठी दोनच आकड्यांची जागा होती.