सुईवाले आबा

आबांकडं गाणं ऐकायला गेलेला माणूस चहा पितो, भडंग खातो, सुई बघतो आणि घरी येतो. गाणं तेवढं राहून जातं.

असा एकेक आबा कोल्हापूरच्या प्रत्येक पेठेत असतो, आमचे मंगळवारातले. त्यांचा रेकॉर्ड प्लेअर माडीवर, काकूंच्या पाट्यावर विराजमान आहे. "दगड हादरत न्हाई. खालनं रिक्षा गेली तरी सुईला पत्ता न्हाई." पाटा वर गेल्यापासून चटणी मिक्सरमध्ये होते, आणि मिक्सर लागला की आबांचा स्पीकर घूंऽऽ करतो. पाटा खाली आणला तर घूं जाईल, हे त्यांना सांगायची छाती अजून कुणाची झालेली नाही.

सुई रेकॉर्डवर किती भारानं टेकते हे बघायला आबांनी गुजरीतून एका सराफाचा छोटा काटा मागून आणला. सराफाला वाटलं, घरात साजाची मोड निघाली. काट्यावर सुई टेकवून आबा श्वास रोखतात. "दोन ग्रॅम. कसं?" भार कमी ठेवला की रेकॉर्ड जपली जाते, या समजुतीवर त्यांचा फार राग. हलकी सुई खाचेत नाचते, भिंती खरवडते आणि गाणाऱ्याच्या 'स'चा 'श' करून ठेवते. या बाबतीत आबांचं खरं आहे, हे मला नाइलाजानं मान्य करावं लागतं.

मग कोन. कंपनीत रेकॉर्ड कापणारी सुई सरळ रेषेत आत सरकते. आपल्या प्लेअरचा दांडा मात्र एका खुंटीभोवती फिरतो. त्यामुळं सुई खाचेला अगदी नीट लागते ती दोनच ठिकाणी, मध्यापासून साधारण ६६ आणि १२१ मिलिमीटरवर. नातवाच्या कंपासपेटीनं आखलेल्या आलेखावर आबांनी ते दोन ठिपके दिलेत. सुई ठिपक्यांवर आली की आबा डोळे मिटतात, पुढं गेली की कपाळाला आठी.

खरी पंचाईत शेवटी होते. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या एलपीत एका फेरीला १.८ सेकंद लागतात. बाहेरच्या कडेला तेवढं गाणं सुमारे ९० सेंटीमीटर खाचेत ऐसपैस बसतं. आत लेबलजवळ तेच ३८ सेंटीमीटरमध्ये कोंबलेलं. पंगत उठायच्या वेळी भात आणि ताक एकाच द्रोणात, तशी गत. आवाज फाटतो तो तिथंच. आता आपल्याकडं मैफल संपते कशावर? भैरवीवर. म्हणजे नेमकी भैरवीच फाटणार. आबांच्या आयुष्यातलं दुःख एवढंच.

१९७७ साली व्हॉयेजर यानावरून तांब्याची, सोन्याचा मुलामा दिलेली रेकॉर्ड अवकाशात गेली. तीत केसरबाई केरकरांची भैरवी आहे, आणि वाजवायला सुईसुद्धा सोबत दिली आहे. सगळ्यांना अभिमान वाटला, आबांना काळजी. "सुई दिली, बरं केलं. पर तिथं कोन कोण बघणार?"

केसरबाईंचे गुरू अल्लादियाखाँसाहेब, आमच्या दरबारचे गवई. त्यांची एकही रेकॉर्ड निघाली नाही. लोक हळहळतात. आबा म्हणतात, "जगात एकच आवाज न फाटता राहिला बघा."

परवा मिक्सर बंद, पाऊस बंद, रिक्षा नाही. भैरवी लागली आणि खरंच छान लागली. भान न राहून मी म्हणालो, "आबा, काय आवाज येतोय!" आबांनी झटकन दांडा उचलला. "कुठनं? डावीकडनं जास्त येतोय का?" आणि स्क्रूड्रायव्हर शोधायला लागले.

तेव्हा जाणार असाल तर दुपारी दोननंतर जा, काकूंचा मिक्सर तेव्हा बंद असतो. आणि आवाज कितीही चांगला आला तरी तोंडातून शब्द काढू नका.