घुशीची ऑस्ट्रेलियन मावसबहीण

"काकू, तुमचंही अळू गेलं का हो? माझी भिंतीकडेची हळद रात्रीत उपटून टाकली मेलीनं. हे बघा, नारळाएवढं भगदाड!"

"अगं, आमच्या पायरीखालची माती सगळी वर! काल धाकटीचा कॅनबेराहून फोन आला, तर तिच्यापाशीच रडगाणं गायले. ती म्हणते, आई, इथे असलंच जनावर बघायला आम्ही रात्री विजेऱ्या घेऊन जातो."

"घूस बघायला?"

"घूस नव्हे गं, बेटाँग. अंगानं घुशीहून थोराड, पण पोटाला पिशवी, त्यात पिल्लू. कांगारूच्याच गोतातला. शेपटीत वाळक्या गवताची जुडी धरून घरट्याला नेतो म्हणे!"

"शेपटीत? आमच्या ह्यांना दोन हातांनी भाजीची पिशवी आणवत नाही."

"ऐक तर. तोही जमीन उकरतो, पण मातीतली अळंबी खायला. त्या अळंबीचं बी त्याच्या लेंड्यांतून रानभर पसरतं. झाडांच्या मुळांना ती अळंबी लागते."

"म्हणजे उकरून वर उपकार! आमची नुसतीच उकरते."

"हो ना. पण तिकडच्या मुख्य भूमीवरून तो शंभरेक वर्षांमागे पार संपला, उरला तो टास्मानियात. मग २०१२ मध्ये तिथून आणून कॅनबेराजवळ मलिगन्स फ्लॅटला सोडला, तोही कुंपणाच्या आत."

"पळून जाईल म्हणून?"

"छे! कोल्ह्या-मांजरांनी आत येऊ नये म्हणून. कोल्हे गोऱ्यांनीच नेले तिकडे, शिकारीच्या हौसेपायी. ह्याचा एक वाळवंटातला भाऊबंद होता. नव्वदेक वर्षं कुणाला दिसला नाही, १९३१ मध्ये सापडला आणि १९३५ नंतर गेला तो गेलाच. आणि दुसरा भाऊबंद, गिल्बर्टचा पोटोरू! शंभरावर वर्षं मेला म्हणून सोडून दिलेला, १९९४ मध्ये ऑल्बनीजवळ जिवंत निघाला."

"आपल्या घुशीला मेली म्हणायचं भाग्य कधी येणार?"

"तिची ऐट वेगळीच. तेलुगूत तिला पंदिकोक्कु म्हणतात, डुक्कर-उंदीर. त्याचंच इंग्रजांनी बँडिकूट केलं, आणि ऑस्ट्रेलियातल्या दुसऱ्याच एका पिशवीवाल्याला ते नाव चिकटवलं."

"घ्या! आमची हळद खाऊन नाव परदेशी!"

"पण मांजरांनी तिकडे एवढा संहार केला, आणि तुझा मन्या काय करतो गं? पावशेर दूध पितो रोज."

"मन्या? परवा ती गटाराच्या जाळीतून नुसती डोकावली, तर हा थेट फ्रीजवर. सकाळी खाली उतरवायला स्टूल लागलं."