टाकीला पदर

पूर्वी कोकणातल्या घराला आगर असायचं आणि आगराच्या टोकाला, माडांच्या पलीकडे, ती एक झापाची खोपटी असायची. पाहुण्याने विचारलं की नुसतं बोट दाखवलं तरी भागायचं. आता तीन गुंठ्यांच्या प्लॉटवर आगर कुठून आणणार? शिवाय संडास घरात आला आणि त्याची टाकी अंगणात गेली, तीही पुढच्या. त्याला कारण आहे. टाकी उपसणारी गाडी रस्त्यावर उभी राहते आणि तिचा पाइप टाकीपर्यंत पोचावा लागतो. त्यामुळे फाटकातून आत शिरलं की डाव्या हाताला तुळशीवृंदावन आणि उजव्या हाताला सिमेंटचा चौथरा, त्यावर कड्यांची झाकणं आणि टोपी घातलेला एक उंच पाइप. नवखा पाहुणा चपला काढायला हमखास त्या चौथऱ्यावरच टेकतो, आणि यजमानाला ना उठा म्हणता येत, ना बसा.

कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी हा विषय आयुष्यभर चारचौघांत मांडला, मैल्याचं सोनखत करून दाखवलं. कोकणचे गांधी म्हणून आम्ही त्यांचा फोटो लावतो आणि टाकी मात्र झाकायला निघतो.

झाकायची तर झाडं कुठली, हे कुणाला विचारायला जाऊ नये. शेजारच्या भाऊंनी बांबू सुचवला. दोन-चार पावसाळ्यांत टाकीच काय, तुमचं घरसुद्धा दिसणार नाही म्हणाले, आणि ते खरंच आहे. नर्सरीवाल्याने फायकस पुढे केला, कारण तो त्याच्याकडे फार उरला होता. फायकस म्हणजे वड-पिंपळ-उंबराच्या घराण्यातला. कुणाच्या घरी काय शिजतंय हे दारात न येताच ओळखणाऱ्या आत्याबाईंसारखी या घराण्याची मुळं असतात. ओल कुठे आहे ते त्यांना बरोबर कळतं. जोडात केसाएवढी फट मिळाली की मूळ आत जातं, तिथे सावकाश जाड होतं, आणि एखाद्या आषाढात न्हाणीघरातलं पाणी उलटं चढू लागतं. आंबा-फणसही टाकीपासून आणि शोषखड्ड्यापासून लांबच बरे.

पिंपळाला तर आमंत्रणही लागत नाही. कावळा पाइपाच्या टोपीवर बसून आपलं काम करून जातो आणि महिन्याभरात झाकणाच्या सांध्यात दोन तांबूस पानं लकलकू लागतात. ते रोप उपटायचं कुणी? घरचं माणूस हात लावत नाही. गड्याला सांगावं तर तो म्हणतो, उद्या बघू. आमच्या आळीत वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले एक सर आहेत. ‘आज शनिवार आहे हो’ असं त्यांनाही म्हणताना मी ऐकलंय.

मग देवांचा प्रश्न येतो. जास्वंद झुडूप म्हणून उत्तम, पण ‘त्या जागेचं फूल गणपतीला घालणार का तू?’ असं आईने विचारलं की जास्वंद बाद. केळ छान फोफावते, पण तिच्या पानावर नैवेद्य वाढता येत नाही. पारिजातक तर पहाटे चौथऱ्यावरच सडा घालून मोकळा होणार. म्हणजे देव ज्याच्याकडे काही मागत नाहीत, असं झाड पाहिजे. कडू मेंदी या परीक्षेत उतरते. गुरंही तिला तोंड लावत नाहीत. फक्त अंगणाला सरकारी विश्रामगृहाची कळा येते.

शोषखड्ड्याच्या ओलीला अळू आपणहून येतं. खाण्याचं काहीही अशा जागी नसावं, पण हे अळूला कोण सांगणार? पानं ताटाएवढी होतात. हळदीकुंकवाला आलेल्या बाई थबकतात. ‘अगं, काळ्या देठाचं! वडीला काय सुरेख होईल!’ आता इथे काय बोलावं? खरं सांगितलं, तर मागच्या खेपेला त्यांनी आपल्याकडे खाल्लेल्या वड्या त्यांना आठवणार. नाही सांगितलं, तर त्या चार पानं पिशवीत घालणार.

वासावर उपाय म्हणून कुणी रातराणी लावतात. टाकी नीट असेल तर वास येतच नाही. येत असेल तर झाकणाचे सांधे आणि पाइप बघावा. दोन्ही वास एकत्र आले, तर दोन्ही अगदी वेगवेगळे ओळखू येतात.

माझं मत कर्दळीला. सांडपाणी शुद्ध करायच्या वाफ्यांत ती मुद्दाम लावतात, इतकी तिला ती ओल मानवते. गड्डे वरच्या मातीतच पसरतात, फुलं भडक, आणि जमिनीलगत कापली तरी पुन्हा कोंब धरते. सोबतीला सोनटक्का. त्याला आईने ‘केसांत चालेल, देवाला नको’ अशी सशर्त परवानगी दिली.

खुद्द झाकणांवर मात्र माती ओढून हिरवळ करू नये. दोन-तीन वर्षांनी ती उघडावीच लागतात. वाईला नगरपालिकेने २०१८ पासून दर तीन वर्षांनी पाळीपाळीने घरोघरच्या टाक्या उपसायला घेतल्या. विश्वकोशाच्या गावाला पक्कं ठाऊक की खंडांना लागतो तेवढा वेळ टाक्यांना देऊन चालत नाही. आणि उपसायचं ते गाडीने, पाइप टाकून. आतल्या वायूंनी आजही माणसं मरतात; संरक्षक साधनांशिवाय कुणालाही टाकीत उतरवणं २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे. म्हणून कर्दळ तीन बाजूंनी आणि फाटकाकडची चौथी बाजू मोकळी. झाकणांवर ठेवायच्याच तर एका माणसाला उचलता येतील अशा कुंड्या.

गेल्या उन्हाळ्यात गाडी आली तेव्हा तिच्यावरच्या माणसाने कुंड्या बाजूला केल्या, पाइप सोडला आणि इंजिन घुरघुरत होतं तेवढा वेळ कर्दळ न्याहाळत उभा राहिला. पैसे घेतल्यावर म्हणाला, ‘दोन गड्डे द्या की. घराकडे लावतो.’ दिले. त्याला पिवळ्या फुलाचे हवे होते. माझ्याकडे सगळी लाल.